गॅसच्या डब्याची पोथी

“आई, हे काय? मग स्वेटरही आणा ना!” निरंजनराव म्हणाले.

माझ्या एका हातात यांचा जुना स्कूटरचा गॉगल होता आणि दुसऱ्या हातात लोकरीचे हातमोजे. सिमल्याच्या सहलीसाठी घेतलेले, एकदाच वापरलेले. अकोला, मे महिना, सकाळचे साडेनऊ. अंगणातली फरशी अनवाणी पायाला चटका देत होती आणि मी लोकरीचे हातमोजे घेऊन जावयापुढे उभी. हसण्यासारखंच होतं ते. हेही हसले. जावई हसले की हे हसायचेच.

मी हात पुढे केलेलाच ठेवला. बोलता येत नव्हतं.

त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला होता. सकाळच्या आंघोळीपासून दुपारी बाराच्या नैवेद्यापर्यंत मौन, असा माझा महिनाभराचा नेम होता. शिवाय रोज तेहतीस वाती, एक वेळचं जेवण आणि नैवेद्यानंतर पोथीचा एक अध्याय. वाती, जेवण आणि पोथी हे मी दर अधिकात करते. मौन त्या वर्षी पहिल्यांदा घेतलं होतं. का घेतलं ते कोणी विचारलं नाही. मी मुळातच इतकी हळू बोलते, की घरात कोणाला फारसा फरकही जाणवला नसावा. यांनी तर तिसऱ्या दिवशी विचारलं होतं, “आजपासून का मौन?”

“ठेवा तिकडे ओट्यावर,” निरंजनराव म्हणाले. “लागले तर घेतो.”

मी ते दोन्ही ओट्यावर ठेवलं आणि खांबाशी उभी राहिले. त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडं होतं.

निरंजनराव आदल्या दिवशी, शनिवारी, औरंगाबादहून आले होते. माझी लेक गौतमी बाळंतपणाला आमच्याकडे होती. तिला आणि दहा आठवड्यांच्या चिमीला न्यायला ते आले होते. मेहकर सोडल्यावर गाडीतला एसी गार हवा द्यायचा बंद झाला. घामाने निथळत ते दुपारी दारात आले, तेव्हा माझी पोथी चालू होती.

आमच्या घरात सासूबाईंपासून एक शिस्त आहे. ‘श्रीगणेशाय नमः’ कानावर पडलं की जो जिथे असेल तिथे थांबतो. हातातलं खाली ठेवतो आणि अध्याय संपेपर्यंत जागचा हलत नाही. गौतमी सहा वर्षांची असताना एकदा मध्येच उठून खेळायला पळाली, तर आजीने तिला दिवसभर शिरा दिला नव्हता. आणि दुसरी गोष्ट अशी, की माझा आवाज फक्त पोथीला चढतो. एरवी मी बोललेलं स्वयंपाकघराच्या बाहेर जात नाही, पण पोथी वाचताना पलीकडच्या बंगल्यातल्या देवपुजारी काकूंना त्यांच्या ओट्यावर ऐकू जाते. कसं ते मला माहीत नाही. ते शब्द माझे नसतात, म्हणून असेल.

तर निरंजनराव बॅग घेऊन दारात आणि आम्ही तिघं हात जोडून बसलेले. कोणी उठलं नाही, कोणी पाणी दिलं नाही. अध्याय मोठा होता.

“पंधरा मिनिटं दारात उभा होतो मी,” नंतर ते म्हणाले. हसतच म्हणाले, पण दोनदा म्हणाले. यांनी त्यांची माफी मागितली. दहा वेळा तरी मागितली असेल.

संध्याकाळी त्यांना अधिकाचं वाण दिलं. तेहतीस अनारसे, वर तुपाचं निरांजन, यांनी खास आणलेलं धोतर. अधिकात जावयाला नारायण मानून वाण द्यायचं असतं. मी वाकून नमस्कार केला. तो त्यांना नव्हता, नारायणाला होता. पण घेतला त्यांनीच.

चिमीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं. पारा शेहेचाळीसवर आहे, सहा तासांचा रस्ता आहे. गाडी आतून नीट थंड राहत असेल तर न्या, नाहीतर पाऊस पडेपर्यंत बाळ हलवू नका. आणि निरंजनरावांना सोमवारी सकाळी नऊला कंपनीत हजर व्हायचं होतं. शहरातले दोन एसीवाले शनिवारीच गाठून झाले. मे महिना, दोघांकडे गाड्यांची रांग. बुधवारच्या आधी हात लावणार नाही म्हणाले.

“मीच भरतो गॅस,” निरंजनराव म्हणाले होते. “त्यात काय आहे? आमच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे, बाबा. रोज शंभर प्रेशरचे काटे बघतो.”

बाजारातून ते गॅसचा एक डबा घेऊन आले, आणि दोन गोल काट्यांचं एक उपकरण. त्याला तीन रबरी नळ्या होत्या. डब्याबरोबर एक घडीचं पत्रक होतं, ते त्यांनी सोफ्यावर टाकलं. त्यांनी फोनवर व्हिडिओ बघितला होता.

पत्रक मी उचललं. छापलेलं काही हातात आलं की पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय मला खाली ठेवता येत नाही. औषधाच्या डबीतला कागदही मी वाचते. पत्रक हिंदीत होतं, अकरा कलमं होती. रात्री एकदा वाचलं आणि सकाळी वाती वळताना पुन्हा वाचलं.

डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे, हे पहिलं कलम. गॅस अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळा जातो. लोकरीचे मोजे चालतात की नाही ते लिहिलं नव्हतं. घरात होते ते मी नेले.

*

“बघा बाबा,” निरंजनराव यांना समजावत होते, “ही निळी नळी कमी दाबाची. ही लाल, जास्त दाबाची. दोन्ही गाडीला जोडल्या. मधली पिवळी डब्याला. आणि या दोन चाव्या, नळाला असतात तशा. निळी उघडली की गॅस आत.”

“वा!” हे म्हणाले.

“इंजिन चालू, एसी फुल, पंखा फुल. बास.”

इंजिन घुरघुरू लागलं. बॉनेटमधून उन्हाहून गरम झळ आली. डबा त्यांनी फरशीवर ठेवला होता, भर उन्हात.

डबा उन्हात ठेवू नये, चौथं कलम.

मी गौतमीची लहानपणीची पाटी आणली. मौनात पाटी चालते असं गुरुजींनी सांगितलं होतं. तिच्यावर लिहिलं, ‘डबा सावलीत ठेवा.’ आणि यांच्यापुढे धरली.

“चष्मा आत राहिला गं,” हे म्हणाले. पाटी लांब धरून, डोळे बारीक करून त्यांनी कसंबसं वाचलं. “सावलीत? अगं, तू बस ना सावलीत. कोणी नको म्हटलंय का?”

मी स्वतःच जाऊन डबा उचलला आणि नळी पुरेल तेवढा गाडीच्या सावलीत सरकवला. निरंजनरावांनी वळून पाहिलं. वाकून डबा पुन्हा होता तिथे ठेवला, जसं एखाद्या लहान मुलाने हलवलेलं आपण परत ठेवतो तसं.

मला रडू येईल असं वाटलं. रागाचं रडू. बाराला अजून दोन तास होते. मी मनात जप सुरू केला, पण जपाच्या प्रत्येक मण्याला ते पत्रकच आठवत होतं.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. निळा काटा थोडा हलला आणि थांबला. गाडीत बसून गौतमीने पंख्यापुढे हात धरला.

“गार येतंय का?” त्यांनी विचारलं.

“थोडं,” ती म्हणाली. मग त्यांच्याकडे बघून म्हणाली, “येतंय तसं.”

“तसं म्हणजे काय? येतंय की नाही?”

“नाही.”

“मग नाही म्हण ना!”

गौतमी खाली मान घालून उतरली आणि आत गेली. चिमी उठली होती.

निरंजनरावांनी डब्याला हात लावला. “अच्छा! डबा गार पडलाय, म्हणून गॅस उतरत नाही. व्हिडिओत होतं हे. आई, कडक पाणी आणा बरं पातेलंभर. उकळतंच आणा.”

डबा गरम पाण्यात ठेवू नये, आगीजवळ नेऊ नये. पाचवं कलम, जाड अक्षरात.

मी आत गेले. आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी त्या दिवसांत आपोआपच अंघोळीइतकं गरम येतं. मी माठातलं पाणी त्यात मिसळून, चांगलं निववून नेलं.

त्यांनी बोट बुडवलं. “हे काय, आई? बाळाची अंघोळ आहे का?” मग आत बघून हाक मारली, “गौतमी! जरा तू आण गं. नीट उकळून.”

ती चिमीला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात आली. शेगडी पेटवली, पातेलं ठेवलं. मी मागून जाऊन शेगडी बंद केली. तिने पुन्हा पेटवली. मी पुन्हा बंद केली. पत्रक तिच्यापुढे धरलं, पाचव्या कलमावर बोट ठेवून.

तिने ते वाचलं. नीट वाचलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “आई, तुझं मौन आहे ना? मग मध्ये नको पडूस.”

मी पाचव्या कलमावरचं बोट काढलं नाही.

“ते चिडतील गं,” ती अगदी हळू म्हणाली. माझ्याहून हळू. आणि तिसऱ्यांदा शेगडी पेटवली.

मी सिलिंडरचाच खटका फिरवून बंद केला आणि सिलिंडरपुढे पाट टाकून बसले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी स्वयंपाकघरात धरणं धरलं होतं. गौतमीला हसू आलं असतं एरवी. तिने फक्त सुस्कारा सोडला आणि बाहेर जाऊन सांगितलं, “अहो, सिलिंडर संपलाय.”

नेमका आजच सिलिंडर संपला, याबद्दल हे बाहेर निरंजनरावांची माफी मागत होते, ते मला आत ऐकू येत होतं.

*

मी परत अंगणात आले तेव्हा साडेअकरा होत आले होते. देवापुढे तांदूळ निवडायचे तसेच पडले होते. नैवेद्याचा अजून पत्ता नव्हता. निरंजनरावांचा शर्ट पाठीला चिकटला होता, चेहरा लालबुंद झाला होता. उन्हाने की रागाने, सांगता येत नव्हतं.

“असं थेंब थेंब गेलं तर संध्याकाळ होईल,” ते म्हणाले. “एकच नळी चालू आहे ना, म्हणून. लाल पण उघडतो. दोन्हीकडून जाईल.”

“हो की,” हे म्हणाले. “दोन नळ लावले की टाकी लवकर भरते.”

सातवं कलम. त्याच्याभोवती चौकट होती आणि चौकटीत कवटीचं चित्र. इंजिन चालू असताना लाल चावी कधीही उघडू नये. गाडीतल्या गॅसचा दाब उलटा डब्यात येतो आणि डबा फुटतो.

पाटीवर लिहायला वेळ नव्हता. आणि चष्मा आत होता.

मी गाडीचं दार उघडलं, इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून कमरेला खोचली.

एकदम शांत झालं. इतकं, की देवपुजारी काकूंच्या कूलरचा आवाज येऊ लागला.

“आई?” निरंजनराव म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचं हसू गेलं. “हे काय चाललंय? सकाळपासून बघतोय मी. डबा हलवता, पाणी कोमट आणता. तुम्हाला आम्ही जायला नको असेल तर सरळ सांगा ना. गौतमीने सांगितलंय का काही?”

“नाही हो, मी काहीच नाही सांगितलं,” गौतमी पायरीवरून म्हणाली. इतकं पटकन म्हणाली, की मला ते बोचलं.

“अगं, काय हे!” हे पुढे आले. माझ्यावर ओरडले नाहीत, हे कधी ओरडत नाहीत. पण आवाज कडक झाला होता त्यांचा. “अधिकात जावई म्हणजे नारायण. कालच वाण दिलंस ना? नारायणाला कोणी सांगतं का, हे कर आणि ते करू नको? दे ती किल्ली.”

मी मान हलवली. नाही.

“दे म्हणतो ना.”

मी पत्रक पुढे केलं. त्यांनी ते बघितलंही नाही. माझ्या पदराची गाठ त्यांनी स्वतः सोडवली. लग्नात बांधलेली गाठ सोडवतात तशी, दोन्ही हातांनी, हलकेच. आणि किल्ली निरंजनरावांच्या हातात ठेवून म्हणाले, “माफ करा हं. उपासाने डोकं चढतं तिचं कधी कधी.”

छत्तीस वर्षांत मी त्यांना उलटून बोलले नव्हते. त्या क्षणीही बोलले नाही. बोलायचं नव्हतं म्हणून नाही. कसं बोलायचं तेच आठवेना.

इंजिन पुन्हा सुरू झालं.

“गौतमी, इकडे ये,” निरंजनराव म्हणाले. “डबा जरा उचलून धर. सरळ नको, उलटा. मी चावी फिरवतो.”

“चिमीला ठेवून येते.”

“दोन मिनिटांचं काम आहे गं. ये ना.”

ती आली. चिमी डाव्या खांद्यावर, डोक्याला मलमलचा पंचा. उजव्या हाताने तिने डबा उचलला.

“अहो, किती गार आहे हा. हात बधिर होतोय.”

“होऊ दे. धर फक्त.”

डबा चिमीच्या पायापासून वीतभर होता. निरंजनरावांचा हात लाल चावीवर गेला.

मी पाटी टाकली. फुटली ती. आणि तोंड उघडलं. ‘थांबा’ म्हणायचं होतं मला. पण सकाळपासून बंद असलेल्या तोंडातून माझ्या आयुष्यभराच्या सवयीचं तेच आलं, ज्याला माझा आवाज चढतो.

“श्रीऽऽगणेशाय नमः!”

यांचे हात जोडले गेले. विचार न करता, आपोआप. पायातल्या चपला निघाल्या आणि तापलेल्या फरशीवर हे अनवाणी उभे राहिले.

आणि गौतमीने हातातलं खाली ठेवलं. तीस वर्षांची माझी लेक, आजीच्या हाताखाली वाढलेली. डबा फरशीवर सरळ ठेवला, चिमीला दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि मागे सरून ओट्यावर मांडी घालून बसली.

निरंजनरावांचा हात चावीवरच राहिला. पण डबा धरायला आता कोणी नव्हतं. ते आमच्याकडे आळीपाळीने बघत होते, काल दारात उभे राहून बघत होते तसेच.

मी पत्रक उघडलं. हिंदीचं मराठी करत, पोथीच्याच चालीत, मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. चौकटीतलं आधी वाचावं असं मनात आलं, पण पोथी मधून वाचत नाहीत. शिवाय घरातलं कोणी आता अकरा कलमं संपेपर्यंत हलणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

“कलम पहिले. डोळ्यांस चष्मा लावावा, हातांत मोजे घालावे. कलम दुसरे. काम मोकळ्या हवेत करावे, जवळ लहान मूल असू नये...”

“आई, हे काय...” निरंजनराव म्हणाले.

“शू!” हे म्हणाले. जावयाला. जोडलेले हात न सोडता. आपण काय बोललो ते त्यांनाही नंतर कळलं असावं.

“कलम तिसरे. गॅस संपला म्हणजे कोठेतरी गळती आहे असे जाणावे. गळती शोधल्याविना गॅस भरू नये. कलम चौथे. डबा उन्हात ठेवू नये. कलम पाचवे. डबा गरम पाण्यात ठेवू नये. कलम सहावे. इंजिन चालू असता डबा उभा धरावा. उलटा धरल्यास कॉम्प्रेसर मोडतो.”

पलीकडे देवपुजारी काकू त्यांच्या ओट्यावर येऊन हात जोडून उभ्या राहिल्या होत्या. आज अध्याय लवकर कसा, असं त्यांना वाटलं असेल.

“कलम सातवे. इंजिन चालू असता लाल बाजूची चावी कदापि उघडू नये. गाडीतील दाब डब्यात शिरतो, डबा फुटतो, आणि धरणाऱ्याच्या जिवास धोका होतो.”

‘धरणाऱ्याच्या’ हे मी दोनदा वाचलं. पोथीत महत्त्वाची ओळ दोनदा वाचतात.

निरंजनरावांनी चावीवरचा हात काढला. वाकून डबा उचलला, फिरवला. डब्यावरही बारीक अक्षरांत ती सगळी कलमं होती. ते वाचत राहिले. मीही वाचत राहिले. आठवं, नववं, दहावं, अकरावं. शेवटी बनवणाऱ्याचा पत्ता होता, तोही वाचला. मग पत्रकाची घडी केली, कपाळाला लावली आणि मी म्हणाले, “गौतमी, बाळ आत ने.”

हे मी माझ्या बोलण्याच्या आवाजात म्हणाले. तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं.

*

निरंजनरावांनी इंजिन बंद केलं. नळ्या सोडवायला लागले. मग थांबले, ओट्यावरचा गॉगल घेतला, लोकरीचे हातमोजे चढवले आणि पुन्हा सुरुवात केली. कोणी हसलं नाही.

“आता निघायचं कसं?” नळ्या गुंडाळताना त्यांनी विचारलं. कोणाला विचारलं ते कळलं नाही. पारा वरच चढत होता.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गौतमीकडे पाहिलं. ती दारात उभी होती.

“तुम्ही संध्याकाळच्या बसने जा,” ती म्हणाली. “गाडी राहू द्या. बुधवारी मिस्त्री बघेल. पुढच्या रविवारी या, मग मी आणि चिमी येऊ. गार गाडीतून.”

“हे तू ठरवलंस?”

“डॉक्टरांनी ठरवलं होतं. मी फक्त आज म्हणतेय.”

ते हात धुवायला नळाकडे गेले. पाणी इतकं तापलेलं होतं, की हात मागे घेतला त्यांनी.

नैवेद्याला त्या दिवशी दीड वाजला. देवापुढे बसले तेव्हा वाटलं, बाराव्या दिवशी मोडलं व्रत, काय सांगायचं आता याला. आणि मग लक्षात आलं, की खरं सांगायचं तर बारा दिवस आधीच सांगायला हवं होतं.

बाळंतपणाच्या दवाखान्यात, चिमी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, निरंजनरावांचा फोन आला होता. गौतमी फोनवर नुसतं ‘हो’, ‘बरं’, ‘चुकलं’ म्हणत होती. फोन ठेवल्यावर माझा हात धरून म्हणाली होती, “आई, तू त्यांना कधी काही बोलू नकोस हं. तू बोललीस की नंतर मला ऐकून घ्यावं लागतं.” मी हो म्हटलं. दोन महिने दिवसातून तीनदा ते फोन ऐकले आणि गप्प राहिले. गप्प राहणं जड व्हायला लागलं, तेव्हा अधिक आला. मी संकल्प केला: लेकीच्या संसारासाठी मौन. आपल्याला बोलायची भीती वाटते, हे देवापुढे म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं.

त्या दिवशी हात जोडून मी तेवढंच सांगितलं. अधिक संपेपर्यंत वाती केल्या, एकवेळ जेवले, पोथी वाचली. मौन धरलं नाही.

बुधवारी त्या दोन एसीवाल्यांपैकी शब्बीर मिस्त्री आला. बॉनेट उघडून त्याने दहा मिनिटं नुसतं पाहिलं. पुढच्या जाळीत दगड लागून बारीक भोक पडलं होतं, तिथून गॅस जात होता. आणि गाडीच्या तोंडाशी असलेला पंखा बंद पडला होता. त्यामुळे लाल बाजूचा दाब आणखीच चढला असता, म्हणाला.

“लाल चावी कोणी उघडली तं नाही ना, काकू?”

“नाही.”

“नशीब समजा,” एवढंच म्हणाला तो. मग माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. “तुमाले कसं मालूम का ते उघडाची नसते?”

“वाचलं होतं,” मी म्हटलं.

पुढच्या रविवारी निरंजनराव आले, गौतमीला आणि चिमीला घेऊन गेले. गाडी आतून फ्रिजसारखी गार होती. माझ्याशी ते गरजेपुरतं बोलले. यांनी माफी मागायला तोंड उघडलं होतं, पण मी यांच्याकडे बघितलं तेव्हा म्हणाले, “सावकाश जा.” एवढंच.

गौतमी गेल्यावर घर रिकामं वाटत होतं. पंधरा दिवसांनी, एका दुपारी तिचा फोन आला. मागे कुकरची शिट्टी होत होती, चिमी कुरकुरत होती.

“आई, आज पोथी लावली घरी,” ती म्हणाली.

तिच्या घरी पोथी नाही, हे मला माहीत होतं. मी खुर्चीवर बसले.

“कोणापुढे?” मी विचारलं.

“त्यांच्याच. सकाळी. ते चहा घेत होते.”

“पहिल्या ओळीपासून वाचलंस?”

“हो. दवाखान्यातल्या त्या फोनपासून.”

“मध्ये उठून गेले?”

“उठले होते. पण मी आवाज चढवला ना. मग बसले. आत्ता कुठे पहिला अध्याय झालाय.”